कुणाची नजर पडू नये अशी जागा

या, या. असे दूर का बसलात? सरका पुढे, मांडीला मांडी लागली तरी चालेल. आज तुम्हाला एका वाघिणीची गोष्ट सांगायची आहे. भ्यायचं कारण नाही. तिचे दात केव्हाच बोथट झालेत, आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाची जीभ तिच्या दातांपेक्षा जास्त टोचायची. गोष्टीत एक कायदाही येतो. कायदा म्हटलं की जांभई येते, ठाऊक आहे मला. पण या कायद्याला काळीज होतं. ते त्याच्यात कुणी घातलं, तेवढं ऐकून घ्या आणि मग खुशाल उठा.

तर एक फिरती सर्कस होती. आज या गावाबाहेरच्या माळावर, उद्या पुढच्या. तंबू उभा राहिला की दारावर मोठं चित्र टांगायचे: लाल जिभेची, डोळ्यांतून ठिणग्या पडणारी वाघीण, आणि खाली अक्षरं, ‘रक्तपिपासू जंगलसम्राज्ञी’. घरात मात्र या सम्राज्ञीला ठकू म्हणत. आईने जवळ घेतलं नाही म्हणून मास्तरांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. मास्तर म्हणजे सर्कशीत जनावरांना खेळ शिकवणारा माणूस. पिळदार मिशा, सोनेरी बटणांचा कोट, आणि त्या कोटाखाली उसवलेली बनियन. बनियन शिवायला त्यांची बायको होती, पण तिच्यामागे अख्ख्या सर्कशीचं शिवणकाम. झुल्यावरच्या मुलींचे झगे, बँडवाल्यांच्या पाटलोणी, विदूषकाची ढगळ विजार, सगळं एकाच मशीनवर. तिला लहानथोर सगळेच वहिनी म्हणायचे. विदूषक तर तिच्यापेक्षा वयाने मोठा होता, तोही वहिनीच म्हणायचा.

वहिनींचं मशीन ठकूच्या पिंजऱ्याच्या सावलीत असायचं. पिंजरा म्हणजे चाकांवरची गाडी, चहूबाजूंनी गज. सकाळी गावची माणसं दात घासत घासत वाघीण बघायला यायची. दुपारी तिकीटवाले यायचे. संध्याकाळी रिंगण. मुक्काम हलला की रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. आणि अंधार पडल्यावर पहारेकऱ्याला नीट दिसावं म्हणून पिंजऱ्यावर दिवा. देवाने रात्र केली ती सगळ्यांनाच झाकून घ्यायला. ठकूच्या वाट्याची रात्रसुद्धा त्या दिव्याने काढून घेतली होती. ती या टोकापासून त्या टोकाला जायची, वळायची, परत यायची. गजांना घासून घासून एका खांद्यावरचे केस पार गेले होते.

“बाईसाहेब फेरफटका मारतायत,” मास्तर कौतुकाने म्हणायचे.

वहिनी सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, “फेरफटका मारणारा कुठेतरी पोचतो हो. ही तीच तीच शिवण घालत बसलीय. कापड मात्र संपत नाही.”

मास्तर हसायचे. मनाने ते वाईट नव्हते. ठकूवर त्यांनी कधी चाबूक उगारला नाही. उगारायची वेळच आली नाही. “ठकू, ये बाळा,” एवढं म्हटलं की ती फुर्र फुर्र असा नाकाने आवाज करत यायची. वाघ खूश असला की तसा करतो. पिल्लू असताना मास्तरांच्या कुशीत शिरून ती अशीच फुरफुरायची. “मी हाक मारली आणि ठकू आली नाही, असं या जन्मी व्हायचं नाही,” ही मास्तरांची एकुलती एक बढाई, आणि ती त्यांनी सर्कशीत सगळ्यांना पाठ करून ठेवली होती.

मग कायदा आला.

त्याआधी सरकारने एक समिती नेमली होती. समितीची माणसं सर्कशी-सर्कशींतून हिंडून गेली, मालकांना भेटली, कामगारांना भेटली, जनावरं पाहून गेली. मास्तरांनी त्यांना ठकूचा जबडा उघडून दाखवला आणि वाहवा मिळवली. पुढे सगळे ते विसरून गेले. एका सकाळी मालकांनी जेवणाच्या तंबूत सगळ्यांना जमवलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पिंजरा मोठा हवा. पायाखाली लोखंड नको, माती हवी. प्रवासानंतर विश्रांती. आगीच्या चक्रातून उडी बंद. एकेक कलम आलं तसा मास्तरांच्या मिशीचा पीळ सैल पडत गेला, पण ऐकून घेतलं त्यांनी. आगीचं चक्र गेलं तेव्हा तर त्यांना आतून बरंच वाटलं. ठकू अलीकडे त्या चक्रापाशी अडखळायची, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ते स्वतः मोठ्याने ओरडायचे.

“आणि हे बघा,” मालक म्हणाले, “प्रत्येक जनावराला अशी एक जागा हवी, जिथे त्याच्यावर कुणाचीही नजर पडणार नाही. तिथे गेलेल्या जनावराला बळाने बाहेर काढायचं नाही.”

तंबूत हशा पिकला.

“मालक,” विदूषक म्हणाला, “हे फक्त जनावरांनाच, की विदूषकांनाही?” रंग पुसला की या माणसाचा चेहरा इतका दुर्मुखलेला असायचा की त्याचं बोलणं विनोद आहे की गाऱ्हाणं, ते समजत नसे.

“अहो, जिला बघायला लोक येतात तिलाच झाकून ठेवायची?” मास्तर उसळले. “म्हणजे दिवा लावायचा आणि वर टोपली घालायची! माझ्या ठकूला लपायची काय गरज? तिने काय चोरी केलीय?”

वहिनी मागे बसून झग्याला टिकल्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पण कायदा तो कायदा. सुतारकाकांनी नव्या मोठ्या पिंजऱ्याला लागून एक लाकडी खोली बांधली. भक्कम, ऐसपैस, आत गवताची गादी. आणि मग सर्कशीची माणसं सर्कशीसारखीच वागली. मालकांनी खोलीभोवती एक चक्कर मारली, मान तिरकी करून विचार केला आणि म्हणाले, “काम झकास झालंय, पण लोकांना दिसणार कसं, की आपण एवढं केलंय?” सुतारकाकांनाही ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. जन्म दाखवण्यात गेलेला, त्यांना वेगळं काय सुचणार? खोलीला बाहेरून छानशी काचेची खिडकी बसली. रंगाऱ्याने वर बाण काढून लिहिलं, ‘लपलेली वाघीण इथे पाहा!’ मास्तरांनी स्वतः ती काच फडक्याने पुसून चकचकीत केली.

वहिनी तिथे येऊन उभ्या राहिल्या. खिडकीकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं.

“पडदा शिवून देऊ का याला?” त्यांनी विचारलं.

“अगं, पडदा लावला तर खिडकी कशाला?” मास्तर म्हणाले.

“तेच म्हणते मी.”

ठकू दारापाशी गेली. नाक आत घातलं, काचेतून आत बघणारे चेहरे पाहिले, आणि मागे फिरून पुन्हा शिवण घालायला लागली. मास्तरांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. “बघितलंत? मी सांगत नव्हतो? पोरगी माणसांत वाढलीय!”

काही दिवसांनी तपासणीसाठी डॉक्टरीणबाई आल्या. कायद्याने नेमलेल्या जनावरांच्या डॉक्टर. बुटांना चिखल, खांद्याला पिशवी, आवाज मऊ. पिंजरा पाहिला, पाणी पाहिलं, माती हातात घेऊन पाहिली, मास्तरांना म्हणाल्या, “नखं छान ठेवलीत हो तुम्ही.” मास्तर फुलले. मग त्या खिडकीपाशी थबकल्या. बाण वाचला. पुन्हा वाचला.

“हे काय?”

“खिडकी,” मालक अभिमानाने म्हणाले. “लपायच्या जागेची.”

“लपायच्या जागेला खिडकी?”

“मग लोकांना कळायचं कसं, ती लपलीय म्हणून?”

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत होते. हसू आवरल्यावर म्हणाल्या, “मालक, तुम्ही आंघोळ करताना दाराला काच लावता का? तुम्ही स्वच्छ असता हे लोकांना कळायला नको?”

विदूषक मागून म्हणाला, “बाई, ते तिकीट कुणी काढणार नाही.”

खिडकी त्याच दुपारी फळ्या ठोकून बंद झाली. निघताना डॉक्टरीणबाई मशीनपाशी थांबल्या आणि ओळखीचं माणूस भेटावं तसं वहिनींकडे पाहून हसल्या. वहिनीही हसल्या. मास्तरांनी ते पाहिलं, त्यांना नवल वाटलं, आणि मग हातोडीच्या आवाजात ते त्यांच्या डोक्यातून निघून गेलं.

शेवटचा खिळा बसला. सुतारकाका बाजूला झाले. ठकू उठली, दारापाशी गेली, नाक आत घातलं. या वेळी आत अंधार होता. नुसता अंधार आणि गवताचा वास. ती आत गेली, शेवटी शेपूट दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. बँडने वाघिणीच्या प्रवेशाची धून धरली. मास्तर सोनेरी बटणांचा कोट घालून खोलीच्या दाराशी आले.

“ठकू, ये बाळा.”

काहीच नाही.

“ठकू. चल, वेळ झाली.”

आतून श्वासाचा आवाज येत होता, संथ, खोल. एवढ्या वर्षांत मास्तरांनी तिचा असा श्वास ऐकला नव्हता. ठकू झोपली होती. पिंजऱ्यात ती डोळे मिटायची, पण एक कान सतत हलत असायचा. ही झोप वेगळी होती. भोवती माणसं जमली. झुल्यावरच्या मुली, बँडमधला ढोलवाला, सुतारकाका. सगळ्यांना ती बढाई पाठ होती, आणि सगळे आता मास्तरांकडे बघत होते.

मालक तणतणत आले. “काय चाललंय? लोक शिट्ट्या मारायला लागलेत! पाण्याचा पाइप आणा, आत सोडा, येईल बाहेर झक मारत!”

“बळाने काढायचं नाही, असं आहे कायद्यात,” सुतारकाका पुटपुटले.

“डॉक्टरीणबाई आत्ता इथे आहेत का? मास्तर, ऐका. न येणाऱ्या वाघिणीला मी पोसणार नाही. आज ती आली नाही, तर उद्यापासून तिचाही खेळ नाही आणि तुमचाही. काय ते ठरवा.”

मास्तरांनी कोपऱ्यातला लांब दांडा उचलला. पिंजरा साफ करताना जनावर मागे सारायचा तो दांडा, टोकाला लोखंड. मारायचं नव्हतं त्यांना. नुसतं डिवचायचं, एकदाच. तिच्याच भल्यासाठी, असं ते मनाशी म्हणत होते. पण दांडा उचलला होता तो भल्यासाठी नव्हे. तिने हाक ऐकली नाही, चारचौघांत ऐकली नाही, ते सलत होतं.

दांड्यावर दुसरा हात पडला. वहिनींचा. बोटावर अजून सुई टोचू नये म्हणून घालायचं शिवणाचं टोपण.

“अहो, थांबा.”

“बाजूला हो. तुला यातलं कळत नाही.”

“मला यातलंच कळतं. ती जागा मीच मागितली होती.”

“कुठली जागा?”

“ही. समिती आली होती ना, तेव्हा तुम्ही तिचे दात दाखवत होता. त्यांनी आम्हा बायकांनाही विचारलं, जनावरांसाठी काय करावं. कुणी पाणी म्हणालं, कुणी पिंजरा मोठा करा म्हणालं. मी म्हटलं, तिला अशी जागा द्या जिथे तिला कुणी बघणार नाही. या डॉक्टरीणबाई होत्या त्यांच्यात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, का हो? मग मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

वहिनींनी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. झुल्यावरच्या मुलींनी ते ओळखलं आणि ढोलवाल्याला दंडाला धरून लांब नेलं. मालक तेवढे राहिले, तेही पाठमोरे झाले.

“आपली छकुली गेली, त्या संध्याकाळी खेळ होता,” वहिनी हळू म्हणाल्या. “तुम्ही रिंगणात गेलात. मी दोष देत नाही, पोट आहे, जावं लागतं. पण मला रडायचं होतं हो. नुसतं रडायचं होतं. आपल्या तंबूत गेले, तर कापडापलीकडून सगळ्या धावून आल्या. मायेने आल्या, पण आल्या. कपड्यांच्या पेट्यांमागे बसले, तर बटण तुटलं म्हणून कुणीतरी शोधत आलं. शेवटी हिच्या पिंजऱ्यामागे गेले. तर ही बघतेय माझ्याकडे. मनात म्हटलं, बघ बाई, तूही बघ. आणि हिने काय केलं ठाऊक आहे? ती वळली. माझ्याकडे पाठ केली आणि बसली. माझं रडणं संपेपर्यंत तिने मान फिरवली नाही.”

बाहेर बँड तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होता.

“एवढ्या मोठ्या सर्कशीत तिला एकटीला कळलं, की या बाईला आत्ता कुणी बघू नये. तिला कसं कळलं असेल? ज्याला जे हवं असतं आणि मिळत नाही, त्यालाच ते दुसऱ्याचं कळतं. अहो, तिने मला दिलं होतं ते मी तिला परत दिलंय. तुम्ही काढून घेऊ नका.”

त्या संध्याकाळी खेळ झाल्यावर आपण परत आलो, तेव्हा हिचे डोळे कोरडे होते आणि आपल्याला ते बरं वाटलं होतं, एवढं मास्तरांना आठवलं. दांडा त्यांनी भिंतीला टेकवला. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू टेकवला. मग कोट सारखा केला आणि एकटेच रिंगणात गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग त्यांच्यामागे वाघीण नाही हे पाहून थांबवल्या.

“मंडळी,” मास्तर म्हणाले. एरवी गरजणारा आवाज आज साधाच निघाला. “वाघीण झोपलीय. जन्मात पहिल्यांदा झोपलीय. मी हाक मारली, ती आली नाही. आता मी पुन्हा मारणार नाही.”

कुणी शिट्टी मारली, कुणी “आमचे पैसे परत करा” म्हणालं. तेवढ्यात विदूषक आपल्या ढगळ विजारीत धडपडत आत आला, मास्तरांशेजारी उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “बाईसाहेब घरात आहेत, पण कुणाला भेटणार नाहीत. काय हो, तुमच्या घरी असं कधी होत नाही?” बायकांच्या बाकांवर हशा उसळला आणि मागून कुणीतरी आजीबाई ओरडल्या, “झोपू द्या रे तिला, लेकरू आहे!” सगळेच काही निवळले नाहीत. काही उठून गेले. पण खेळ पुढे चालला.

मालकांनी आपला शब्द अर्धा पाळला. मास्तरांना काढलं नाही, कारण पाठमोरे झाले तरी वहिनींचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या रात्रीपासून ते मास्तरांशी जरा जपूनच बोलायला लागले. ठकूचा खेळ मात्र बंद झाला. पूर्वी असं जनावर कुठल्यातरी दुसऱ्या सर्कशीत जायचं, तिथून तिसरीकडे, आणि मग त्याचं काय व्हायचं ते कुणी विचारत नसे. नव्या कायद्यात तेही विचारलं होतं: खेळातून उतरलेलं जनावर विकायचं नाही, टाकायचं नाही, सरकारने राखलेल्या रानात सोडायचं. देवाने माणसाला दया दिली खरी, पण दया पाहुणीसारखी असते. मन होईल तेव्हा येते, न सांगता जाते. कायदा केला की ती घरचीच होते. आपण दमलो, रागावलो, विसरलो, तरी ती आपली दारात उभी.

डॉक्टरीणबाई न्यायला आल्या तेव्हा मास्तर कोरड्या डोळ्यांनी गवत भरत होते. ठकूची लाकडी खोलीच तिच्याबरोबर पाठवायची ठरली. ती आपल्या पायांनी आत गेली, दार लावलं, खोली गाडीवर चढली. कुणाला हाक मारावी लागली नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर वहिनींनी मशीन चालू केलं, पण सुई कापडावर पडेना. मास्तर उठले, सुतारकाकांकडे गेले आणि म्हणाले, “आणखी एक खोली बांधाल का? लहान चालेल. बसण्याएवढी.”

“आता कुणासाठी?” मालकांनी विचारलं. “कायदा जनावरांपुरता आहे.”

“मग आम्हाला जनावरांत धरा,” विदूषक म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

खोली झाली. खिडकी कुणी सुचवली नाही. आतून कडी होती. पहिल्यांदा वहिनी गेल्या, आणि त्या बाहेर येईपर्यंत मास्तर दाराकडे पाठ करून बसून राहिले. मग हळूहळू एकेक जण जायला लागला. झुल्यावरची थोरली मुलगी गेली, विदूषक गेला. एका मुक्कामाला कडी आतून लागलेली पाहून सगळे वाट बघत थांबले, आणि चष्मा पुसत बाहेर आले ते मालक.

पावसाळा सरल्यावर मास्तर आणि वहिनी ठकूला भेटायला त्या रानात गेले. उंच जाळीचं कुंपण, पलीकडे कमरेएवढं गवत आणि झाडी. ठकू कुठे दिसेना.

“हाक मारा ना,” तिथला राखणदार म्हणाला. “तुमचा आवाज ओळखेल ती. खांद्यावर केस आलेत आता तिच्या, बघाल तर ओळखणार नाही.”

मास्तरांनी तोंड उघडलं. हाक ओठांपर्यंत आली होती. गवत जरासं हललं, एक पिवळा पट्टा दिसल्यासारखा वाटला. मग मास्तरांनी तोंड मिटलं, वळले आणि कुंपणाकडे पाठ करून खाली बसले. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या.

बऱ्याच वेळाने मागे गवत सळसळलं. सावकाश, थांबत थांबत, जवळ जवळ. मग अगदी कुंपणाशी आवाज आला: फुर्र. फुर्र.

मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळून मिशांत शिरलं. पण त्यांनी वळून पाहिलं नाही. वहिनींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

एवढीच गोष्ट. आता उठा हवं तर. जाता जाता एकच मागणं आहे. कधी कुठे कुणी मान खाली घालून कोपरा शोधत असेल, माणूस असो की मुकं जनावर, तेव्हा त्या वहिनींची आठवण ठेवा, आणि क्षणभर पाठ फिरवा.